निळी ज्योत, पिवळी ज्योत

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असावी, ती पिवळी झाली की काहीतरी बिघडले, एवढे घरोघरी ठाऊक असते. नेमके काय बिघडले, हा प्रश्न मात्र आपण दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवतो. वास्तविक ज्वलन, वायूंची घनता, बाष्पीभवन अशी शालेय पुस्तकातील कितीतरी तत्त्वे या एका शेगडीत एकत्र आलेली असतात. ती समजली, तर धोक्याच्या वेळी काय करू नये हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

हवा कोठून येते?

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. एक घनफळ ब्युटेन पूर्ण जळण्यास साडेसहा घनफळे ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असल्याने हवा लागते जवळजवळ ३१ घनफळे. नॉबच्या पुढे असलेल्या जेटच्या बारीक छिद्रातून गॅस वेगाने बाहेर पडतो आणि बाजूच्या उघड्या जागेतून हवा ओढून घेतो. ही हवा बर्नरच्या नळीत गॅसमध्ये मिसळते. उरलेली हवा ज्योतीला बाहेरून मिळते. प्रयोगशाळेतील बुन्सेन बर्नरचे तत्त्वही हेच.

हवा पुरेशी मिसळली तर ज्योत निळी असते. हवा कमी पडली तर कार्बनचे सूक्ष्म कण न जळता तापतात व पिवळे चमकतात. हेच कण भांड्याच्या बुडाला काजळी म्हणून चिकटतात. अशा अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन, विषारी वायूही तयार होऊ शकतो. म्हणून पिवळ्या ज्योतीमुळे केवळ गॅस वाया जातो असे नाही. बंद खोलीत ती घातकही ठरते.

बिघाड ओळखताना

ज्योत सतत पिवळी असेल, तर बर्नरची नळी पाहावी. उतू गेलेले दूध, तेलकट धूळ किंवा कोळ्याचे जाळे एवढ्यानेही हवेची वाट अडते. शेगडी बंद व थंड असताना बर्नर काढून धुवावा आणि पूर्ण वाळवून बसवावा. जेटमध्ये मात्र सुई किंवा तार घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी गॅस जास्त येतो व हवेचे प्रमाण कायमचे बिघडते.

वरणाचे पाणी उतू गेल्यावर क्षणभर दिसणारा नारिंगी-पिवळा रंग वेगळा. तो मिठातील सोडियमचा असतो आणि लगेच जातो. ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन फुसफुसत असेल, तर मिश्रण बाहेर पडण्याचा वेग ज्वलनाच्या वेगापेक्षा जास्त आहे. उलट, ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत आत शिरली, तर तो वेग कमी पडला आहे. अशा वेळी नॉब बंद करून बर्नर थंड होऊ द्यावा.

सिलिंडर संपत आला की काही जण तो आडवा करतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. रेग्युलेटर वायूसाठी बनवलेला असतो; आडव्या सिलिंडरमधून त्यात द्रव शिरतो, आणि या द्रवाचे वायूत रूपांतर झाले की त्याचे घनफळ सुमारे २५० पट होते.

गळती झाल्यास

हवेत हा गॅस सुमारे २ ते ९ टक्के असेल तेव्हा मिश्रण पेट घेऊ शकते. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद व २.७ मीटर उंच स्वयंपाकघराचे घनफळ सुमारे २० घनमीटर होते. त्याचे २ टक्के म्हणजे ०.४ घनमीटर, वजनाने सुमारे ८५० ग्रॅम गॅस. परंतु गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. खालच्या ३० सेंटिमीटरच्या थरापुरता विचार केला, तर १०० ग्रॅमही पुरतात!

म्हणून वास येताच विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. पंखाही लावू नये. ज्योती विझवाव्यात, नॉब व रेग्युलेटर बंद करावेत, दारे-खिडक्या उघडाव्यात. केवळ उंचावरची खिडकी पुरत नाही. जमिनीलगतचा गॅस दारातूनच बाहेर जातो. मग सर्वांनी बाहेर पडावे व बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. मूळ गॅसला वास नसतो. इथाइल मरकॅप्टन मिसळून तो मुद्दाम दिलेला असतो. मात्र नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. त्यामुळे वास ‘गेला’ म्हणून धोका टळला असे समजू नये. रोजच्या तपासणीसाठी सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे; काडी कधीही ओढू नये.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

प्रोपेनचा रेणुभार ४४, कार्बन डायऑक्साइडचाही ४४! त्यामुळे प्रोपेन हवेत कसा वाहतो हे धोका न पत्करता दाखवता येते. खोल पातेल्यात एक आखूड व एक उंच मेणबत्ती लावा. दुसऱ्या भांड्यात खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून तयार झालेला वायू, द्रव न सांडता, पातेल्याच्या कडेने हळूहळू ओता. आखूड मेणबत्ती आधी विझेल, उंच नंतर. गळालेला गॅसही असाच तळापासून भरत जातो.

यानंतर विद्यार्थ्यांना घेऊन शालेय पोषण आहाराचे स्वयंपाकघर बाहेरूनच पाहावे. सिलिंडर उभा आहे का? शेगडी त्याहून उंच आहे का? नळीवर आयएसआय चिन्ह आहे का, आणि तिला पाच वर्षे उलटून गेली नाहीत ना? जमिनीलगत हवा खेळायला वाट आहे का? उत्तरे वहीत लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावीत. एखादे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते दुरुस्त होईपर्यंत हा पाठ पूर्ण झाला असे मानू नये.