वजन उतरल्यावर मुतखडा का होतो?

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. समुद्रपूर तालुक्यात या दिवसांत वखरणी करणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी कमी आणि गडद होते. त्यामुळे मुतखड्याची कळ इथे कुणाला नवी नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मुतखडा मात्र वेगळ्या वाटेने येतो, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. २०११ मध्ये नागपूरचे नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ती विदर्भातही माहीत झाली. तिच्यासोबत आलेले काही समज दूर करणे गरजेचे आहे.

गैरसमज : वजन उतरले की मुतखड्याची भीती गेली.
लठ्ठपणामुळे मुतखड्याचा धोका वाढतो हे खरे. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१५ च्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. सरासरी सहा वर्षांत, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना नवा मुतखडा झाला. तितक्याच लठ्ठ, पण शस्त्रक्रिया न झालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते.

गैरसमज : सगळ्या शस्त्रक्रियांचा धोका सारखाच.
‘स्लीव्ह’मध्ये जठराचा मोठा भाग काढतात, आतड्याचा मार्ग बदलत नाही, तिथे मुतखड्याचा धोका वाढलेला फारसा आढळत नाही. ‘बायपास’मध्ये अन्न लहान आतड्याचा काही भाग टाळून पुढे जाते. त्यामुळे सगळी चरबी पचत नाही. उरलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. एरवी हेच कॅल्शियम भाजीपाल्यातल्या ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेते. आता ऑक्झलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात पोचते. त्यातच लघवी कमी होत असेल आणि खडा रोखणारे सायट्रेटही घटले असेल, तर स्फटिक जमू लागतात. १९६० आणि ७० च्या दशकांत आतड्याचा फार मोठा भाग टाळणारी जुनी बायपास केली जात असे. मुतखडे, मूत्रपिंड निकामी होणे आणि यकृताचे आजार अशा त्रासांमुळे ती अखेर बंद करावी लागली.

म्हणून आपली नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक असलेच पाहिजे.

गैरसमज : मुतखडा कॅल्शियमचा असतो, म्हणून दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद कराव्यात.
हा समज सर्वांत घातक आहे. कॅल्शियम कमी केले तर ऑक्झलेटला बांधायला आतड्यात काहीच उरत नाही, शिवाय हाडे ठिसूळ होतात. गोळी बंद करायची नसते, तिची वेळ पाळायची असते: जेवणासोबत, दिवसभरात विभागून. बायपासनंतर बहुधा कॅल्शियम सायट्रेट देतात, कारण जठरात आम्ल कमी असले तरी ते शोषले जाते. किती घ्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे.

गैरसमज : टोमॅटो सोडला की झाले.
टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असते. ते भरपूर असते पालकात, बीटमध्ये, अळूत आणि उन्हाळ्यात विदर्भात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या चिवळीच्या भाजीत. बायपास झालेल्याने अशा भाज्या रोज खाऊ नयेत. एखाद्या दिवशी खायच्याच असतील, तर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे आणि ताटात वाटीभर दही घ्यावे. दह्यातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. तळणही कमी हवे, कारण न पचलेली चरबी हेच या दुखण्याचे मूळ आहे. व्हिटॅमिन सीच्या जादा मात्रेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. शरीरात त्यांचेही ऑक्झलेट बनते.

गैरसमज : सकाळी तांब्याभर पाणी प्यायले की पुरे.
लहान झालेल्या जठरात तांब्याभर पाणी एकदम मावत नाही. बाटली सोबत ठेवून दिवसभर घोट घोट प्यावे, जेवताना मात्र नाही. मुतखडा टाळण्यासाठी दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. उन्हात काम असेल, तर त्यासाठी पाणी आणखी लागते. बीअरने मुतखडा पडतो हा समज तर या रुग्णांनी मनातून काढूनच टाकावा. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते.

गैरसमज : पोटात खडा म्हणजे मुतखडाच.
वजन झपाट्याने उतरत असताना, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, पित्ताशयातही खडे होतात. त्यांची कळ बहुधा उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर येते. मुतखड्याची कळ कंबरेकडून जांघेकडे उतरते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. सोनोग्राफीत बहुतेक वेळा उलगडा होतो.

गैरसमज : कळ आली की वेदनाशामक सुई घेतली म्हणजे भागले.
मुतखड्याच्या कळेवर सर्रास दिली जाणारी डायक्लोफिनॅकसारखी औषधे बायपास झालेल्यांत जठर आणि आतडे यांच्या जोडाजवळ व्रण निर्माण करू शकतात. गावातल्या दवाखान्यात सुई घेण्याआधीच शस्त्रक्रियेचा कागद दाखवावा. कळेसोबत थंडी-ताप असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर सकाळची वाट न पाहता सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या रुग्णालयात जावे. त्रास नसला तरी बायपास झालेल्यांनी तपासणीच्या वेळी २४ तासांच्या लघवीच्या चाचणीविषयी डॉक्टरांना विचारावे. ऑक्झलेट आणि सायट्रेट किती आहे, ते तिच्यातून कळते आणि खडा होण्याआधीच आहार किंवा औषध बदलता येते.