इंजिनाचे बोल्ट किती आवळावेत?

लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणाचे गाव. येथून कामासाठी लोहारा, उमरगा, औशाकडे जायचे तर अनेक घरांचा आधार एक मोटारसायकलच. गाडी अडली की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ऑइल बदलणे, प्लग काढणे ही कामे आपली मंडळी अंगणातच करतात. हे चांगलेच आहे. मात्र ‘जितका घट्ट तितका पक्का’ हा समज सोडून द्यावा, असे आम्ही कळकळीने सांगतो.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना दाबून धरतो. ढिला राहिला तर थरथरीने सुटतो, ऑइल गळते. जास्त आवळला तर तुटतो, नाहीतर आटे जातात. बोल्ट पोलादी आणि चेंबर अॅल्युमिनिअमचा. आटे मऊ धातूचेच जायचे. मग पाच मिनिटांचे काम लेथवाल्याच्या दारात जाते.

जोर किती लावावा? ६ मि.मी. जाडीच्या बोल्टला साधारणपणे १० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे १५ सें.मी. लांब पान्याच्या टोकाला सुमारे ७ किलो वजनाइतका जोर. पान्याला पाइप जोडून लांबी ४५ सें.मी. केली, तर त्याच हाताचा जोर तिप्पट होतो. म्हणून लहान बोल्टला पाइप कधीही लावू नये. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• बोल्ट आधी बोटांनी फिरवावा. अडला तर काढून आटे साफ करावेत.

• पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना ऑइल लावू नये. आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणात जातो. ऑइलने घर्षण घटते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

• हेडचे चार नट इंजिन थंड असताना, समोरासमोर तिरपे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने आवळल्यास हेड वाकते, गॅस्केट जाते.

• ऑइलच्या बोल्टचा वायसर दर वेळी नवा घालावा.

ठरलेला जोर मोजणारा टॉर्क रेंच एकट्याला महाग वाटेल. चार घरांनी मिळून एक घ्यावा. मुलांबरोबर मुलींच्याही हाती तो द्यावा. या कामाला ताकदीपेक्षा मोजमाप लागते.