कंटाळलेला कोण, कंटाळवाणा कोण?

नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन धिस पोस्ट’ असे लिहिण्याऐवजी एखादा उमेदवार ‘आय अ‍ॅम इंटरेस्टिंग’ असे लिहून जातो. त्याला सांगायचे असते, ‘मला या पदात रस आहे’. वाचणाऱ्याला मात्र कळते, ‘मी मोठा रंजक माणूस आहे’. अर्जाच्या पहिल्याच ओळीत पडलेला हा ठसा पुसणे कठीण असते. प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजीतून घेतलेल्या गोव्यातील अनेकांना हा घोळ परिचित असेल.

नियम सोपा आहे. ‘आयएनजी’ने संपणारे विशेषण भावना निर्माण करणाऱ्याचे वर्णन करते, तर ‘ईडी’ने संपणारे ती अनुभवणाऱ्याचे.

हा भेद मराठीला मुळीच नवा नाही. व्याख्यान कंटाळवाणे असते, श्रोता कंटाळलेला. प्रवास थकवणारा असतो, प्रवासी थकलेला. प्रश्न गोंधळात टाकणारा असतो, विद्यार्थी गोंधळलेला. बोअरिंग-बोअर्ड, टायरिंग-टायर्ड, कन्फ्यूजिंग-कन्फ्यूज्ड या जोड्या नेमक्या अशाच आहेत.

मग चूक का होते? बोलताना आपण ‘मी कंटाळलेला आहे’ असे क्वचितच म्हणतो. ‘मला कंटाळा आला’ असे म्हणतो. या वाक्यात कर्ता कंटाळा आहे, माणूस नव्हे. इंग्रजीत कर्तेपद माणसाकडे जाते आणि त्याला शोभेल असे विशेषण निवडावे लागते. तेथेच गल्लत होते.

माणसाला ‘ईडी’ आणि वस्तूला ‘आयएनजी’, असा ठोकताळा मात्र करू नये. शिक्षक रटाळ शिकवत असतील, तर ते बोअरिंगच. वर्गातील मुले बोअर्ड.

काही जोड्यांची रूपे वेगळी असतात. अंधाराला घाबरलेले मूल स्केअर्ड, भुताची गोष्ट स्केअरी. ‘आय अ‍ॅम स्केअरी’ म्हटल्यास ‘लोक मला घाबरतात’ असा अर्थ होतो! त्याचप्रमाणे ताण देणारे काम स्ट्रेसफुल, ताणाखालचा कर्मचारी स्ट्रेस्ड.

शंका आल्यास शब्द आधी मराठीत योजून पाहावा. ‘-वाणा’ किंवा ‘-णारा’ जुळला तर ‘आयएनजी’, ‘-लेला’ जुळला तर ‘ईडी’. अर्ज पाठवण्यापूर्वी एवढी कसोटी लावली, तरी बहुतेक चुका टळतील.