घोरपडीचे ‘औषध’ आणि मेंदूज्वर

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, कधी थेट अंगणातही घोरपड दिसते. लगेच ‘चंदन घोरपड आली, चावली तर माणूस वाचत नाही’ अशी ओरड होते आणि काठ्या निघतात. वास्तविक चंदन घोरपड नावाची वेगळी विषारी जात नाही. घोरपडीच्या पिलांच्या अंगावर ठळक ठिपके असतात. वय वाढते तसा रंग मातकट होत जातो. त्यामुळे रंगीत पिलू लोकांना दुसरेच जनावर वाटते.

पूर्ण वाढलेली घोरपड पावणेदोन मीटरपर्यंत लांब भरते. त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच. सापासारखी दुभंगलेली जीभ ती सारखी आत-बाहेर करते, ते डसण्यासाठी नव्हे. हवेतले वासाचे कण जिभेवर टिपून टाळूतील खास इंद्रियाकडे न्यायचे, ही तिची वास घेण्याची रीत. माळरान, शेत, झाडाची ढोली, वारूळ, कुठेही ती राहते. डिवचले तर अंग फुगवून फुत्कारते, शेपटीचा फटका मारते; वाट मिळाली तर पळून जाते. सिंहगडाच्या यशवंतीची गोष्ट इतिहासापेक्षा लोककथेत जास्त मुरली आहे, पण नख्यांची पकड भक्कम असते हे खरे. पावसाळ्यात मादी जमिनीत खड्डा करून वीसेक अंडी घालते आणि तो बुजवून निघून जाते. पिले बाहेर यायला सहा ते आठ महिने लागतात.

तिचा आहार मात्र नीट पाहण्यासारखा आहे. किडे, विंचू, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी, मेलेली जनावरे आणि गोगलगायी. उंदराच्या फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांत एक कृमी राहतो. त्याच्या अळ्या उंदराच्या विष्ठेतून गोगलगायीत जातात आणि गोगलगाय खाणाऱ्या घोरपडीच्या शरीरात मुक्काम करतात. ताकद यावी, दमा जावा म्हणून कोणी घोरपडीचे मांस, यकृत किंवा जीभ कच्ची खाल्ली, तर या अळ्या थेट माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतात. डोके असह्य दुखते, मान आखडते, उलट्या होतात, अंगाला मुंग्या येतात. केरळ, श्रीलंका आणि थायलंडमध्ये असे रुग्ण नोंदले गेले आहेत. पाठीतील पाणी तपासल्यावर त्यात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या दिसतात. अशा वेळी रुग्णाने काय खाल्ले हे डॉक्टरांपासून लपवले, तर निदान लांबते. आणि कायद्याच्या भीतीने ते बहुधा लपवलेच जाते.

सांधेदुखीवर चोळायचे घोरपडीचे तेल म्हणजे शेवटी चरबीच. आराम वाटतो तो चोळण्याने आणि शेकण्याने. तो तिळाच्या तेलानेही मिळतो. पूजेसाठी ‘हाताजोडी’ नावाची दुर्मिळ मुळी विकली जाते, ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ मध्ये उघड झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

पकडायला गेल्यावर ती चावलीच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांना दाखवावे. सर्पदंशाची लस इथे उपयोगाची नाही. घरात शिरली असेल तर दार उघडे ठेवून बाजूला व्हावे आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.