पंगतीची मांडणी

मुहूर्त ठरला, कार्यालय ठरलें, आचारी ठरला, म्हणजे आतां सारें झालें असें लग्नघरच्या यजमानास वाटूं लागतें. परंतु ज्या एका गोष्टीवरून पाहुणे संतुष्ट होऊन घरीं जातात, किंवा वर्षानुवर्षें मनांत अढी धरून बसतात, तिचा विचार बहुधा राहूनच गेलेला असतो. पंगतीला कोण, केव्हां आणि कोणाजवळ बसणार, ही ती गोष्ट. एखादी भाजी खारट झाली तर लोक चार दिवसांत विसरतात. पण “आम्हांला तिसऱ्या पंगतीला बसविलें” हें वाक्य नातवंडांच्या लग्नापर्यंत ऐकूं येतें.

असें कां व्हावें? आपल्याकडे पंगत ही केवळ जेवणाची सोय कधींच नव्हती. कोण कोणाच्या पानाला पान लावून बसतो, यावरून माणसाचें समाजांतील स्थान ठरत असे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाच्या निमित्तानें पंक्ति पावन करणारे कोण व ती दूषित करणारे कोण, यांच्या लांबच लांब याद्या दिल्या आहेत. १८६९ सालीं मुंबईंत एका विधवेचा पुनर्विवाह झाला, तेव्हां त्याला साह्य करणाऱ्यांवर बहिष्कार पडला. आणि बहिष्काराचा नित्याच्या व्यवहारांतील अर्थ हाच कीं, त्या माणसांना पंगतीस बोलवावयाचें नाहीं व त्यांच्या पंगतीस जावयाचें नाहीं. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें झालेल्या चहाच्या प्रकरणावरून रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, आणि शहरांतील कार्यालयांत आतां कोणी राजरोसपणें जात विचारून पान मांडीत नाहीं. तथापि मानापमानाची जुनी मोजपट्टी मनांतून गेलेली नाहीं. ती जागेच्या क्रमावर येऊन बसली आहे, इतकेंच.

म्हणून मांडणीचा आरंभ मानापासून न करतां गणितापासून करावा. गणितावर कोणी रुसत नाहीं. समजा, जेवणाचें दालन ६० फूट लांब व ४० फूट रुंद आहे. माणसाला मोकळेपणानें जेवावयास रांगेंत २ फूट जागा लागते. मग तो पाटावर बसो कीं खुर्चीवर. दोन्ही टोकांस जाण्यायेण्यासाठीं चार चार फूट सोडले म्हणजे ५२ फूट उरतात, व एका रांगेंत २६ माणसें बसतात. आतां रुंदीचें पाहूं. बसणारा व त्याच्यापुढील पान मिळून साडेतीन फूट जातात. समोरासमोरच्या दोन रांगांमध्यें वाढप्यांसाठीं ४ फूट वाट हवी. तीन फुटांत दोन वाढपी एकमेकांना ओलांडूं लागले कीं आमटी कोणाच्या तरी उपरण्यावर सांडलीच म्हणून समजावें. अशी एक जोडी ११ फुटांची होते. पाठीमागून उठण्याबसण्यास जोड्यांमध्यें दोन दोन फूट ठेवले तर ३७ फुटांत तीन जोड्या, म्हणजे सहा रांगा बसतात. एकंदर १५६ पानें.

पाहुणे ४०० असतील तर तीन पंगती होणार हें येथेंच ठरलें. पुष्कळ यजमान पहिल्या दोन पंगती खच्चून भरतात, आणि तिसरीसाठीं ८८ माणसें उरवितात. हें चुकीचें आहे. अर्धें दालन रिकामें, वाढपी दमलेले, आणि बसणाऱ्याला आपण उरलेलों आहों अशी जाणीव! त्यापेक्षां प्रत्येक पंगत १३०-१३५ पानांची केली, तर पहिल्या पंगतीसही ऐसपैस बसतां येतें व शेवटची पंगत ओकीबोकी दिसत नाहीं. एका पंगतीस पाऊण तास व मधल्या झाडपुशीस पाव तास धरला, तर साडेबाराला पहिली पंगत बसल्यावर तिसरी अडीचला बसते आणि सव्वातीनला उठते. अडीच वाजेपर्यंत उपाशी कोणीं राहावें, हाच काय तो खरा प्रश्न.

जुन्या रीतीनें याचें उत्तर ठरलेलें असे: वरपक्ष आधीं, त्यांतही मोठ्या मानाचे आधीं. आतां क्रम देहाच्या गरजेवरून लावणें श्रेयस्कर. मधुमेहाचे रोगी, ठरल्या वेळीं औषध घेणारे, गरोदर स्त्रिया, तान्ह्या मुलांच्या आया आणि सत्तरी ओलांडलेले वृद्ध, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, पहिल्या पंगतीचे. मुलांची वेगळी छोटी पंगत त्याच्याही आधीं उरकावी; मुलें जेवलेलीं असलीं म्हणजे त्यांच्या आयांचें पान निवांत होतें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें ज्यांस उभ्यानें ताट धरवत नाहीं, त्यांच्यासाठीं उभ्या जेवणाच्या समारंभांतही एक टेबल व दहाबारा खुर्च्या राखून ठेवाव्याच. व्याह्यांस हा क्रम आधीं दोन दिवस समजावून सांगावा. ऐन वेळीं सांगितलेली सबब वाटते.

रांगेंत कोणास कोठें बसवावें याविषयीं एक गोष्ट फारशी लक्षांत घेतली जात नाहीं. पंगतींत शेजाऱ्यापेक्षां समोरचा माणूस अधिक जवळचा असतो. शेजाऱ्याकडे मान वळवून पाहावें लागतें. समोरच्याकडे दृष्टि आपोआपच जाते, आणि पाऊण तास जात राहते. ज्या दोघां भावांत वाटणीवरून बोलणें बंद आहे, त्यांना लांब म्हणून समोरच्या रांगेंत बसविणें ही मोठीच चूक होय. त्यांना एकाच रांगेंत, मध्यें सातआठ पानें सोडून बसवावें. दोघांचाही मान राहतो आणि दृष्टादृष्ट होत नाहीं. उलट, सोयरीक नवी असेल तेथें दोन्हीकडील मामा किंवा काका समोरासमोर यावेत.

वाढप नेहमीं एकाच टोकाकडून सुरू झालें, तर दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या पानांत जिलबी येईपर्यंत तिचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. पंक्तिप्रपंच मुद्दाम करणारे थोडेच. बहुतेक ठिकाणीं तो असा नकळत होतो. एक पदार्थ या टोकाकडून व पुढचा त्या टोकाकडून निघावा, असें वाढप्यांस आधीं बजावून ठेवलें कीं पुरे.

विहिणीची पंगत हा जुन्या लग्नांतील सर्वांत अवघड प्रसंग. पानाभोंवतीं महिरपीची रांगोळी, चांदीचें ताट, उदबत्त्या, विहिणीवरचीं गाणीं, एकेका घासाचा आग्रह. या साऱ्या थाटांत एक पान मात्र मांडलेलें नसे. वराची आई विधवा असली तर मंगलकार्यांत तिला पुढें येऊं देत नसत. जिनें मुलाला वाढविलें ती आंत कोठीच्या खोलींत, आणि मानाच्या पाटावर दुसरीच कोणी. ही चाल कांहीं घरांत अजून दबक्या पावलांनीं वावरते. ती मोडण्यास व्याख्यान लागत नाहीं. यादी करतांना वरमायेचें नांव पहिल्या ओळींत लिहावें व त्या पानाभोंवतीं रांगोळी काढावी.

अशी यादी झाल्यावर ती कोणाच्या हातीं द्यावयाची? पानांपुढें नांवाच्या चिठ्ठ्या ठेवण्याची इंग्रजी रीति आपल्या पंगतीस मानवत नाहीं. जागा शोधीत फिरणें म्हाताऱ्या माणसांना अवघड जातें, आणि दूरच्या टोकाला आपली चिठ्ठी सांपडली कीं तो अपमान लेखी होतो. दोन्ही घरचीं माणसें ओळखणारीं दोन चतुर माणसें, एक पुरुष व एक स्त्री, या कामावर नेमावीं. त्यांनीं “चला, आपलें पान मांडलें आहे” म्हणत पाहुण्यास पानापर्यंत न्यावें. हाताला धरून बसविलेला माणूस जागेविषयीं सहसा तक्रार करीत नाहीं. यजमानानें सर्व रांगांतून एकदां फिरून “सावकाश होऊं द्या” म्हणावें. केवळ पहिल्या रांगेपुढें हात जोडून परतूं नये.

शेवटच्या पंगतीस घरचीं माणसें बसतात. वधूचे आईवडील, पहांटेपासून राबलेल्या आत्या-मावश्या, त्यांच्याबरोबर वाजंत्री, मोटारींचे चालक आणि भांडींधुणीं करणाऱ्या बायका. पूर्वीं यांतल्या पुष्कळांचीं पानें मांडवाबाहेर पडत. आतां तीं आंतल्या रांगेंत घ्यावीं, आणि त्यांच्या मोजणीइतक्या जिलब्या व मठ्ठा पहिली पंगत बसण्यापूर्वींच बाजूला झांकून ठेवण्यास कोठीवरच्या माणसास सांगावें. दुसऱ्या पंगतीचा आग्रह रंगांत आला म्हणजे त्याला तें आपण होऊन आठवत नाहीं.