कोन पीं पीं करून राह्यलं?

समजा, अचलपूरच्या एखाद्या शाळेतली संगणकाची खोली. जुन्या संगणकांवर सरांनी बॉस लिनक्स टाकलंय. हे आपल्या सी-डॅकनं तयार केलेलं, फुकट मिळणारं आणि मराठीतही चालणारं. हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत ओळ रिकामी असताना कुणी बॅकस्पेस दाबलं, की 'पीं!' खोलीभर पोरं, खोलीभर पीं पीं. "कोन पीं पीं करून राह्यलं बे?" मागून कुणीतरी वैतागतं.

चोर पोरांत नाही, संगणकात आहे. त्याचं नाव पीसीएसपीकेआर, आणि तो एक मॉड्यूल आहे.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला. माऊस, कॅमेरा, वायफाय अशा हजारो वस्तूंशी त्याला बोलावं लागतं. सगळ्यांची भाषा कायम डोक्यात ठेवली तर मेमरी उगाच अडेल. म्हणून एकेका वस्तूचं काम वेगळ्या तुकड्यात, म्हणजे मॉड्यूलमध्ये ठेवतात. आजोबांना विचारा, मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीला डबा जोडायचा तर आधी गाडी थांबवावी लागे. कर्नल मात्र धावता धावता डबा जोडतो आणि सोडतोही!

'एलएसमॉड' असा हुकूम दिला की जोडलेल्या मॉड्यूलांची यादी दिसते. नाव, आकार आणि त्याला सध्या किती जण वापरताहेत तो आकडा. आकडा शून्य नसेल तर कर्नल सहसा त्याला सोडत नाही. शून्य असेल तर सरांचा पासवर्ड घ्यायचा आणि 'मॉडप्रोब, उणे आर' लिहून पुढे नाव टाकायचं. झालं, गप्प!

पण दुसऱ्या दिवशी संगणक लावला की पुन्हा पीं. कारण सुरू होताना लिनक्स कुठले भाग बसवलेत ते हुडकतं, आणि स्पीकर दिसला की त्याचं मॉड्यूल न सांगता बोलावतं. मग 'मॉडप्रोब डॉट डी' या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल करून ठेवायची. तिच्यात एकच ओळ: ब्लॅकलिस्ट आणि नाव. आता ते आपोआप येणार नाही. हातानं बोलावलं तर मात्र येईल. उबंटू या लिनक्समध्ये तर हे नाव या ब्लॅकलिस्टच्या यादीत आधीच घातलेलं असतं, वर शेरा मारलाय की हा कर्कश आवाज सगळ्यांच्या डोक्यात जातो!

एक पीं तरीही उरतो. बटण दाबल्या दाबल्या काही संगणक वाजतात ना, तो. तिथे आपली यादी चालत नाही, कारण त्या वेळी लिनक्स अजून जागंच झालेलं नसतं.