आंब्याची पेटी आणि मोबाईलवरील बाजारपेठ

कोकणातील हापूस आंब्याची विक्री पिढ्यान् पिढ्या एकाच वाटेने होत आली. बागेत पेटी भरावी, ती रातोरात मुंबईच्या बाजारात पोहोचावी, दलालाने ती विकावी आणि काही दिवसांनी बागायतदाराच्या हाती विक्रीची पट्टी पडावी, असा हा क्रम होता. १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला गेला, तरी क्रम बदलला नाही. फवारणीसाठी व मजुरीसाठी दलालाकडून आगाऊ उचल घेतलेली असल्याने माल त्याच्याकडेच पाठविणे बागायतदारास भाग पडे. भाव किती मिळाला हे त्याला पट्टीवरून कळे. तो का मिळाला हे कळत नसे. आणि आपला आंबा कोणाच्या घरी गेला हे तर कधीच कळत नसे.

या व्यवस्थेत २०१६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जुलैमध्ये राज्य शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त केला. त्याच वर्षी यूपीआय ही बँक खात्यातून तत्काळ रक्कम पाठविण्याची पद्धत सुरू झाली आणि मोबाईलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. परंतु बागायतदाराच्या अंगणात त्या एकत्र आल्या. २०२० च्या टाळेबंदीत वाहतूक व बाजार विस्कळीत झाले, तेव्हा मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांकडून व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन पेट्या थेट पोहोचविण्याचा मार्ग अनेकांनी अवलंबिला. जे नाइलाजाने सुरू झाले, ते पुढे अनेकांनी चालू ठेवले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पाश्चात्त्य देशांत व्यापार प्रथम संगणकावर गेला आणि नंतर मोबाईलवर आला. आपल्या खेड्यांत मधली पायरी बव्हंशी आलीच नाही. ज्या घरात संगणक कधी नव्हता आणि तारेचा दूरध्वनीही पोहोचला नव्हता, त्या घरात एकदम मोबाईल आला. त्यामुळे आपल्याकडील छोट्या उत्पादकाचे दुकान, जाहिरात, हिशेबवही आणि गल्ला ही सारी एकाच तळहाताएवढ्या पडद्यावर मांडावी लागतात. ग्राहकही तोच पडदा पाहत असतो. म्हणून लांबलचक माहितीपत्रक तेथे निरुपयोगी ठरते. स्वच्छ उजेडात घेतलेले छायाचित्र, पेटीतील फळांची संख्या व वजन, घरपोच किंमत आणि पाठविण्याचा दिवस एवढे चार ओळींत सांगता आले पाहिजे. तेही मराठीत सांगितल्यास काही बिघडत नाही. मुंबई-पुण्याचा मराठी ग्राहक ते आवडीने वाचतो.

साधने कोणती?

२०१८ च्या प्रारंभी आलेले व्हॉट्सॲपचे व्यावसायिक रूप विनामूल्य आहे. त्यात मालाची सचित्र यादी ठेवता येते, ठरीव उत्तरे आधी लिहून ठेवता येतात आणि ग्राहकांना ‘नवीन मागणी’, ‘रक्कम मिळाली’, ‘माल पाठविला’ अशा खुणा लावता येतात. एकच संदेश अनेकांना पाठविण्याची सोयही आहे. मात्र हा संदेश ज्यांनी बागायतदाराचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. ही अट अनेकांच्या लक्षात येत नाही आणि संदेश पाठवूनही मागणी का येत नाही, असा प्रश्न त्यांना पडतो. पेटीत एक चिठ्ठी घालून ‘आमचा क्रमांक नावानिशी जतन करावा’ अशी विनंती करणे हा त्यावरील साधा उपाय होय.

गूगलच्या नकाशावर बागेची नोंद करणेही विनामूल्य आहे. सशुल्क जाहिरात मात्र जपून द्यावी. फेसबुक व इन्स्टाग्रामवर ती कोणत्या शहरात दाखवावी आणि दररोज किती खर्च करावा, हे जाहिरातदारास ठरविता येते. जेथे पेटी दोन दिवसांत सुखरूप पोहोचत नाही, तेथे जाहिरात दाखविणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. किती लोकांनी चित्र पाहिले आणि किती जणांनी पसंतीची खूण केली, हे आकडे मोठे दिसतात आणि मन सुखावतात. पण हिशेब पेट्यांचाच धरावा. समजा, जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च झाले आणि तिच्यामुळे ३० पेट्या गेल्या, तर पेटीमागे १०० रुपये पडले. दलालीतून वाचलेल्या रकमेतून हे १०० रुपये, पुठ्ठ्याची पेटी आणि वाहतूक भागते काय, हे पाहिल्याशिवाय थेट विक्री फायद्याची म्हणता येणार नाही. ज्याचा माल मोठा आहे त्याला वाशीची वाट सर्वस्वी सोडता येणे कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे.

विश्वासाचा प्रश्न

खरी कसोटी पुढे आहे. घाऊक बाजारात माल डोळ्यांसमोर असतो. मोबाईलवर ग्राहक न पाहिलेल्या फळाचे पैसे आधी देतो. त्यातून हापूसमध्ये साका हा दोष असा की, फळ कापल्याखेरीज तो दिसतच नाही. बागायतदाराचा काहीही अपराध नसता ग्राहकाला आपण फसलो असे वाटते. यासाठी साका म्हणजे काय हे विक्रीपूर्वीच सांगावे, खराब फळाचे छायाचित्र आल्यास त्याची भरपाई द्यावी आणि तसा उल्लेख यादीत ठळकपणे करावा. असे करणाऱ्याचे थोडे नुकसान होते, पण ग्राहक टिकतो. आंबा कोणत्या दिवशी काढला, झेल्याने देठासह काढला काय, तो गवताच्या अढीत किती दिवसांनी पिकेल, ही माहिती घरच्या बागेतून माल देणाराच देऊ शकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. आपण ते वापरत नाही हे नुसते सांगण्यापेक्षा अढी लावतानाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

दुसरे संकट नावाचे. परप्रांतातील आंबा ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ म्हणून विकला जातो, ही तक्रार जुनीच आहे. मोबाईलवर तर ती फसवणूक अधिकच सोपी झाली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन प्रदेशाला मिळाले म्हणून ते प्रत्येक बागायतदाराला आपोआप लागू होत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावयाची असते. ही नोंदणी झालेली असेल, तर तिचा क्रमांक मोबाईलवरील यादीत अवश्य द्यावा. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळांवर सांकेतिक क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच हेतूने.

संदेश, संमती आणि सावधगिरी

ग्राहकांची यादी ही बागायतदाराची मिळकत खरी, परंतु त्यातील क्रमांक ग्राहकांचे आहेत. ते कोणाकडून विकत घेऊ नयेत व कोणाला विकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमतीचे तत्त्व स्वीकारले असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी, रोज तीन संदेश धाडणाऱ्याचा क्रमांक ग्राहक बंद करून टाकतो, हा व्यवहार आहेच. हंगामात पाच-सहा संदेश पुरेसे होतात.

रक्कम स्वीकारतानाही दक्षता हवी. मोठी मागणी नोंदवून ‘पैसे पाठवीत आहे, तुमचा पिन टाका’ असे सांगणारा भामटा असतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. रक्कम गेल्याचे पडद्याचे छायाचित्र हा पुरावा नव्हे. स्वतःच्या खात्यातील जमा पाहूनच पेटी रवाना करावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते, आणि ती जितकी लवकर होईल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक असते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

पुष्कळ घरांत बाग वडिलांची आणि मोबाईल मुलाचा असतो. मुलगा नोकरीसाठी शहरात गेला की, ग्राहकांची यादीही त्याच्या खिशातून जाते. विक्रीचा क्रमांक वेगळा आणि घरीच राहणारा असावा, आणि यादीची एक प्रत साध्या वहीत उतरवून ठेवावी. पावसाळा सुरू झाला की हे काम हाती घेण्यास सवड असते.